बिनचरबीचा लाडू

एका गावात एक भोळा म्हैसवाला होता. त्याचं नाव तातोबा. भोळा म्हणजे त्याला सांगितलेलं कळत नसे असं नव्हे. सांगितलेलं त्याला अक्षरन्‌अक्षर कळे. ते कुठं वापरायचं, एवढंच कळत नसे.

त्याच्या बायकोला, हौसाला, मुलगी झाली. आठव्या दिवशी सासूबाई आल्या त्या डबाभर डिंकाचे लाडू घेऊन. मोजून साठ. तूप इतक्या सढळ हातानं घातलेलं, की लाडू उचलला की तळवा चमकायचा. रोज सकाळी एक द्यायचा, असं जावयाला बजावून सासूबाई दुपारच्या एसटीनं परत गेल्या. हौसाच्या जिवात जीव आला. बाळंतपणानं ती पार गळून गेली होती आणि पोरीला अंगावरचं दूध पुरत नव्हतं.

त्याच संध्याकाळी गावात सरकारी जीप आली. जीपमधून आहार खात्याचे हुद्दार साहेब उतरले. त्यांनी चावडीत एक तक्ता टांगला. तक्त्यावर लाल हृदय होतं आणि त्याला पिवळ्या तुपानं वेढलं होतं. तळाला बारीक अक्षरांत ‘तेलगिरणी संघाच्या सौजन्याने’ असं छापलं होतं, पण तितकं खाली कोण वाकून वाचतो? साहेबांनी सांगितलं, तूप बंद, लोणी बंद, साय बंद. दुधावरची साय काढून टाकायची आणि उरलेलं दूध वापरायचं.

तातोबानं हात वर केला. "बाळंतिणीनंबी तूप खायचं न्हाई?"

साहेबांनी हातातला कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. कागदात बाळंतिणीचा उल्लेखच नव्हता. म्हणून ते म्हणाले, "सगळ्यांनी."

तातोबा घरी आला. लाडवांच्या डब्याला त्यानं सुतळी गुंडाळली, सात गाठी मारल्या आणि डबा फळीवर ठेवून दिला. फेकून दिला नाही, कारण फेका असं साहेब म्हणाले नव्हते. हौसा म्हणाली, "अवं, आईनं दिलेत की." तातोबा म्हणाला, सरकारनं नको म्हटलंय. दोन दिवस हौसानं कोरडी भाकरी आणि पातळ आमटी खाल्ली. पोरगी भुकेनं किरकिर करायला लागली. तातोबाला ते बघवत नव्हतं, पण त्याचा इलाज नव्हता.

आता साय राहिली होती. सकाळी धार काढल्यावर त्यानं दूध तापवलं, निवू दिलं, साय काढली, पुन्हा तापवलं, पुन्हा काढली, आणि उरलेलं दूध किटलीत भरून डेअरीत नेलं. डेअरीचा सचिव शामगोंडा यानं मशीनला दूध लावलं आणि तो मशीनकडे बघतच राहिला. रोज साडेसात लागणारी फॅट आज एकावर आली होती. त्यानं विचारलं, म्हैस मेली का काय?

तातोबानं साहेबांचं सगळं सांगितलं. शामगोंडानं कपाळाला हात लावला. "अरं, फॅट हाय तर दूध हाय, न्हाईतर नुसतं पांढरं पाणी. आकडा जेवढा मोठा तेवढा मान मोठा. सगळ्यात मोठ्या आकड्याच्या म्हशीचं नाव आम्ही फळ्यावर लिवतो, तिला हार घालतो." असं म्हणून त्यानं भिंतीवरचा दरतक्ता दाखवला. त्यावरही सरकारचाच शिक्का होता.

"चुकलं खरं," तातोबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

कुणालाही वाटेल की आता तातोबा घरी जाऊन गाठी सोडील. पण शामगोंडा दुधाबद्दल बोलला होता. लाडवाचं त्यानं नावसुद्धा काढलं नव्हतं.

हौसानं मात्र तिसऱ्या दिवसापासून सरकारची वाट बघणं सोडलं. तातोबा किटली घेऊन बाहेर पडला की ती फळीवरून डबा काढी, सातही गाठी सोडी, एक लाडू खाई आणि पुन्हा सात गाठी मारी. तिच्या गाठी त्याच्यापेक्षा चांगल्या बसत. तातोबा रोज संध्याकाळी डबा उचलून वजनाचा अंदाज घेई, म्हणून ती लाडवाच्या जागी ओढ्यातला एक गोल गोटा ठेवी आणि गोट्याला लाडवाचा भुगा फासून ठेवी. पोरीची किरकिर थांबली. तातोबाला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

पुढच्या आठवड्यात शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. तातोबाही गेला. नर्सबाईंच्या टेबलावर यादी होती. त्यानं विचारलं, ह्यात सगळ्यात जास्त फॅट कुणाची? बाई कामात होत्या. त्यांनी न बघताच एका नावावर बोट ठेवलं. सरपंच अण्णाप्पा, तीनशे दहा.

तातोबाला आनंद झाला. त्याच्या म्हशीला जन्मात कधी आठच्या वर लागली नव्हती. त्यानं डेअरीत जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पहिला नंबर: सरपंच अण्णाप्पा, ३१०. दुसरा नंबर: तातोबाची म्हैस, साडेसात.’ मग डेअरीत म्हशीसाठी ठेवलेला हार घेऊन तो भर ग्रामसभेत शिरला आणि सरपंचांच्या गळ्यात घातला.

निवडणूक महिन्यावर आली होती. अण्णाप्पांचं हृदय आता कधीही बंद पडेल, ह्याला मत देऊन काय उपयोग, असं विरोधक घरोघर सांगत सुटले. अण्णाप्पांनी तातोबाचा कान धरून त्याला देवळामागं नेलं.

"असलं चारचौघांत सांगत्यात व्हय? कुणी काय खाल्लं, कुणाच्या अंगात किती निघालं, हे कुणालाच कळाय नको. लिवलेलं दिसलं की आधी पुसायचं."

"चुकलं खरं," तातोबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो." आणि त्यानं ते फार नीट ध्यानात ठेवलं.

तिकडं राजधानीत वेगळीच गडबड उडाली होती. तूप खपेना म्हणून दूध संघवाले एका मंत्र्याकडं गेले. ते कळताच तेलगिरणीवाले दुसऱ्या मंत्र्याकडं गेले. दोन्ही मंत्री एकाच सरकारातले, त्यामुळं उघड भांडणही करता येईना. शेवटी असं ठरलं, की शास्त्राला विचारावं.

शास्त्र दोन पिंपांतून गावात आलं. एका पिंपात तूप, दुसऱ्यात तेल. दिवस उन्हाळ्याचे, त्यामुळं तूपही पातळच. दोन्हींना मुद्दाम एकच रंग, एकच वास दिलेला. एका पिंपावर ‘क’ आणि दुसऱ्यावर ‘ख’ लिहिलं होतं. वीस घरांना ‘क’, वीस घरांना ‘ख’ द्यायचं, आणि दोन महिन्यांनी सगळ्यांचं रक्त तपासायचं. तातोबा घरोघर फिरणारा माणूस म्हणून हुद्दार साहेबांनी वाटपाचं काम त्याच्याकडं दिलं. कुणी काय खाल्लं ते खाणाऱ्याला कळता कामा नये, असंही सांगितलं.

तातोबाला सरपंचांचा शब्द आठवला. साहेबांची जीप गावाबाहेर पडताच त्यानं ओल्या फडक्यानं ‘क’ पुसला आणि ‘ख’ पुसला. मग त्याच्या लक्षात आलं, की डावीकडं कुठलं पिंप होतं हे अजून त्याला स्वतःला ठाऊक आहे. हे काही बरोबर नव्हतं. त्यानं दोन्ही पिंपं एका कढईत ओतली, उलथन्यानं ढवळली आणि पुन्हा पिंपांत भरली. आता कुणालाच काही कळणं शक्य नव्हतं. दोन महिने त्यानं चाळीस घरांना नियमानं वाटप केलं, एक दिवस चुकवला नाही.

रक्त तपासलं. वीस घरं आणि वीस घरं तंतोतंत सारखी निघाली. इतका स्वच्छ निकाल हुद्दार साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. पण फरकच नाही, हे दोन मंत्र्यांना सांगायचं कसं? साहेब चिंतेत पडले आणि चहा घ्यायला तातोबाच्या घरी आले.

दारात हौसा पोरीला घेऊन उभी होती. हौसाच्या गालांवर तकाकी होती आणि पोरगी गुटगुटीत झाली होती. साहेबांनी विचारलं, बाळंतिणीला खायला काय देता? तातोबा अभिमानानं म्हणाला, कोरडी भाकरी. तुपाचे लाडू आहेत, पण तुम्ही सांगितल्यापासून डबा बांधून ठेवलाय.

साहेबांनी डबा मागितला. साहेबांनी गाठी तपासल्या. सातच्या सात शाबूत होत्या. मग त्यांनी त्या सोडल्या. तातोबानं आत वाकून लाडू मोजले. साठ भरले. साहेबांनी एक उचलून दाबून पाहिला. डिंकाचा लाडू कडक असतो असं त्यांनी ऐकलं होतं.

"जुनं झालेत, सायेब," हौसा हळूच म्हणाली.

साहेबांनी तो लाडू कागदात गुंडाळला आणि राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवला. प्रयोगशाळा प्रामाणिक होती. तिनं पंधरा दिवसांनी कळवलं, सदर लाडवात चरबी जवळपास शून्य.

महिन्याभरात चावडीत नवा तक्ता लागला. तुपाचे लाडू डब्यात भरून, डब्याला सात गाठी मारून दोन महिने ठेवावेत. चरबी आपोआप निघून जाते. नंतर निर्धास्त खावेत. तूपवाले खूश झाले, कारण तूप खपणार होतं. तेलवाले खूश झाले, कारण तुपातली चरबी वाईट, हे त्यांचं म्हणणं तक्त्यावर कायम राहिलं होतं. दोन्ही मंत्र्यांनी सही केली आणि हुद्दार साहेबांना बढती मिळाली. मग आधीचा तक्ता चुकीचा होता का, असं कुणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, तो त्या वेळी बरोबर होता.

तातोबा चावडीतून घरापर्यंत पळत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकोच्या कोरड्या ताटाकडं बघून इतके दिवस त्याचा जीव तुटत होता, आणि आज सरकारनंच मोकळीक दिली होती. त्यानं डबा काढला, गाठी सोडल्या, त्यातल्या त्यात गोल लाडू निवडला आणि हौसापुढं धरला. "खा आता. काय भ्याचं कारण न्हाई."

हौसाला हसूही आलं आणि त्याची कीवही आली. आता सगळं खरं सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. सांगायला धीर यावा म्हणून ती म्हणाली, "थांबा जरा."

तातोबाला वाटलं, ती अजून भिते आहे. "मी खाऊन दाखवतो की," तो म्हणाला, आणि त्यानं तोंड मोठं उघडून लाडू कचकन चावला.

दुसऱ्या दिवशी डेअरीत शामगोंडानं त्याच्या तोंडाकडं बघून विचारलं, पुढचे दोन दात कुठं गेले?

"सरकारी लाडू खाल्ला," तातोबा म्हणाला. "सायबांचं काय चुकलं न्हाई. फॅट काढल्यावर जरा कडक लागायचाच."