बिननावाच्या पानाची कहाणी

ऐका ऐका, तळ्यातल्या साती आसरांनो, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, हुंकार द्या, पण मधे कुणाचं नाव विचारू नका. का, ते पुढं कळेल.

आटपाट नगर होतं. नगराला तळं होतं, तळ्यात आसरा, पाण्याच्या सात देवी, राहत. पाणी गोड, पण तळं वर्षाकाठी एक माणूस नेई. नगरात एक कुंभार होता. त्याची बायको गोजरा, घरात म्हातारी सासू. कुंभार बाजारोबाजार मडकी विकी, गोजरा माती मळी, सासू उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी. गोजरेला एक लेक होती. गेल्या श्रावणात ती तळ्यावर गेली, ती परत आली नाही. गोजरा रडे, आणि रडत रडत त्याच तळ्याची माती आणी, कारण पोट त्या मातीवरच होतं.

श्रावण लागायच्या आधी गोजरेनं भट्टी उकलली. सगळी मडकी गरम निघाली, एक गार निघालं. आत काठोकाठ पाणी. भट्टीतल्या मडक्यात पाणी कुठलं? गोजरा भ्याली. तिनं पाणी अंगणात ओतलं, मडकं पुन्हा भरलं. मग परसात ओतलं, पुन्हा भरलं. मग गाढवापुढं ओतलं, गाढव हुंगून मागं सरलं, आणि मडकं पुन्हा भरलं. तेव्हा पाण्यातून थोरली आसरा बोलली, "गोजरे, किती ओतशील? मी तुला निवडलंय."

"माय, मी साधी कुंभारीण. नगरात राणी आहे, तिला निवड."

"राणी काय करायची? तळ्यात गेलेले उपाशी आहेत, त्यांना आई लागते. तुझ्यापाशी माया आहे, आणि ती घ्यायला कुणी नाही."

"मग माझी लेक दे."

आसरा म्हणाली, "श्रावणातल्या मंगळवारी सूर्य डोक्यावर आला की ओसरीवर पान मांड. दार उघडं ठेव. जो येईल त्याला पोटभर वाढ. नाव विचारलंस, तर आलेला उपाशी परतेल, आणि तळं त्याच्या भुकेपायी काही ना काही नेईल. नाव घेऊन हाक मारलीस, तर तो तुझ्या घरी राहील, पण त्याच्या जागी तळं दुसऱ्या कुणाला नेईल. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

पहिला मंगळवार आला. गोजरेनं पान मांडलं. भर दुपारी एक म्हातारा आला. ऊन कडक, आणि त्याचं धोतर ओलं. अंगणात तुळशीची सावली होती, त्याची नव्हती. तो मुकाट जेवला. गोजरेनं हातावर पाणी घालायला तांब्या उचलला, तर म्हणाला, "पाणी नको बाई, पाणी पुष्कळ झालं." आणि गेला. पायरीवर हिरवं शेवाळ राहिलं.

दुसरा मंगळवार आला. मग एक सवाष्ण आली. केस निथळत होते, कुंकू मात्र कोरडं. तिनं पहिला घास उचलला, तोच सासू बाहेर आली. म्हातारीला सवयच ती, गप्प बसवेना. "कुणाची गं तू? माहेर कुठलं? नाव काय?"

बाईनं तोंड उघडलं. तोंडातून शब्द आला नाही, पाणी आलं. पाणी येतच राहिलं, पानातल्या भाताचा चिखल झाला. बाई उठली आणि उपाशी गेली. त्याच दिवशी कुंभाराचं गाढव तळ्यावर पाणी प्यायला गेलं, ते परत आलं नाही. मडक्यातली आसरा म्हणाली, "आज गाढव नेलं. पुढल्या वेळी माणूस." सासूनं कानाला खडा लावला.

मग तिसरा मंगळवार आला. गोजरेनं दहीभात कालवला, दोडक्याची भाजी केली, पान मांडलं. दारात एक पोर आली. परकर ओला, वेणीत शेवाळ. गोजरेनं पळी हातात घेतली. पोर पानावर बसली, आणि आधी दोडका एका कडेला सारला, जसा ती कायम सारी.

दाराआडून सासू म्हणाली, "गोजरे, आपली पोर! अगं, हाक मार, घे नाव!"

नाव जिभेवर आलं. तेवढ्यात तळ्याकडून आवाज आला. नगरातल्या पोरी पाण्याला गेल्या होत्या, एकमेकींवर पाणी उडवून खिदळत होत्या. गोजरेनं तो आवाज ऐकला. पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि वाढलं. डोळ्यांतलं पाणी भातात पडू दिलं नाही.

पोर पोटभर जेवली. उंबऱ्यात थांबली, वळली, म्हणाली, "बाई, तुझं नाव काय?"

आपलीच लेक आपल्याला बाई म्हणते! गोजरेचं काळीज फाटलं. ती म्हणाली, "मी वाढणारी."

"पुन्हा येऊ?"

"ये हो. पान मांडलेलं असेल."

पोर गेली. मडक्यातली आसरा म्हणाली, "वसा राखलास. माग काय हवं ते."

"तिचं नाव मी घेणार नाही. पण मला ते विसरू देऊ नकोस."

त्या वर्षी तळ्यानं माणूस नेलं नाही. पुढंही नेलं नाही. कुंभाराची मडकी भट्टीत तडकेनात, घर भरलं. दर श्रावणात पोर येई, तेवढीच असे, दोडका बाजूला सारी. गोजरेचे केस पिकले, दात पडले. मग एका मंगळवारी शेजारणीच्या भट्टीत गार मडकं निघालं. गोजरेला समजलं, आता वसा शेजारणीकडे गेला. तिनं पळी शेजारणीच्या हाती दिली, आणि भर उन्हात तळ्यावर गेली. पायरीवर पोर उभी होती. आता गोजरेचा वसा उतरला होता, नाव घ्यायला बंदी नव्हती. इतकी वर्षं जिभेखाली ठेवलेलं नाव तिनं मोठ्यानं घेतलं. पोर वळली, म्हणाली, "आई!" नगरानं दोन्ही हाका ऐकल्या. नाव कोणतं, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पायरीवर फक्त ओली पावलं होती, एक लहान, एक मोठं, दोन्ही पाण्याकडे गेलेली.

तर बायांनो, गोजरेला जशी आसरा पावली, जसा तिचा वसा तडीला गेला, तसा तुमचाआमचा जावो. लेकीचं नाव मला विचारू नका. आज मंगळवार आहे, सूर्य डोक्यावर आलाय, पान मांडलंय आणि दार उघडं आहे. येईल त्याला पोटभर वाढा. ही तळ्याची साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं, भरल्या पानावर सुफळ संपूर्ण.