पूजेतली खेळपेटी

मंगळवार, सकाळचे दहा. डोंगरापलीकडच्या एका राज्यातली एक शाळा. कोपऱ्यात खेळपेटी, पेटीला कुलूप, कुलपावर हळदकुंकू.

राजाने हुकूम काढला होता: मुलांनी खेळत शिकावे. गावोगाव पेट्या आल्या. आत रंगीत मणी, सोंगट्या, चित्रांचे पत्ते. सोबत दुसरा हुकूम: काही हरवले, मोडले तर जबाबदारी गुरुजींची.

गुरुजींनी दुसरा हुकूम आधी वाचला. पेटी उघडलीच नाही. दसऱ्याला तिची पूजा मात्र केली. तेव्हापासून मुले रोज तिच्या पाया पडून पाढे घोकत.

हौसाला साताचा पाढा येईना. बापाने बजावले होते, "या तपासणीत नापास झालीस, तर शाळा बंद. शेळ्यांमागे जायचं."

पोर हुशार. तिने चिंचोके आणले आणि मागच्या बाकाखाली सात-सातच्या रांगा मांडल्या. चार दिवसांत निम्मा पाढा जमला. पाचव्या दिवशी गुरुजींनी पकडले.

"खेळतेस? ही शाळा आहे की तुझं अंगण?"

आणि त्यांनी ते सगळे चिंचोके झाकणाच्या फटीतून पेटीत टाकले. हो, खेळपेटीत!

आज तपासनीस आले. बाप शेळ्यांची काठी घेऊन ओट्यावर बसला.

"सांग, सात सक्कं किती?" तपासनिसांनी हौसाला विचारले.

"साहेब, माझे चिंचोके द्या. लगेच सांगते."

"कुठे आहेत?"

"पेटीत."

"पेटीमातेला नवस बोल!" मागून कोणीतरी ओरडले. वर्ग हसला.

"उघडा पेटी," तपासनीस म्हणाले.

"किल्ली आलीच नाही, साहेब. कचेरीत असेल," गुरुजी म्हणाले.

"कचेरी म्हणते, पाठवली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग तपासनिसांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि शेरा लिहिला: 'खेळपेटी उत्तम स्थितीत. एकही ओरखडा नाही. गुरुजी शाबासकीस पात्र.' त्याखाली: 'हौसा नापास.' वर शिक्का.

"चल गं," बाप उठला.

हौसा पायरीवरच थांबली. अंगणातले खडे गोळा करून तिने भराभर सहा रांगा मांडल्या, रांगेत सात-सात. मोजले आणि दारातून ओरडली, "बेचाळीस! साहेब, बेचाळीस!"

"बरोबर आहे, पोरी," तपासनीस वही मिटत म्हणाले. "पण शिक्का बसलाय."

तात्पर्य एवढेच: मुलांचा खेळ जपण्यासाठी कुलपात ठेवला, तर मुलांचे शिकणेही त्याच कुलपात जाते.

हौसा आता शेळ्या राखते आणि कळप सात-सातने मोजते. तिचे चिंचोके अजून पेटीतच आहेत. किल्ली कोणाकडे आहे, हे गुरुजींनी सांगितलेले नाही, कचेरीनेही नाही.