आप्पासाहेबांना आलेला वास

आप्पासाहेबांनी गावाबाहेर, कलावतीच्या पोल्ट्रीशेजारी बंगला बांधला, आणि तेव्हापासून तिच्या कोंबड्या त्यांना खुपायला लागल्या. शेवटी भर ग्रामसभेत ते गरजले, "ते शेड बंद करा! वासानं जीव नकोसा झालाय."

त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. सरपंचही मान डोलवू लागले. तेवढ्यात कलावती उठली.

"आप्पासाहेब, वास कधीमधी येतो की रोज?"

"रोज! आज सकाळी तर नाश्ता घशाखाली उतरला नाही."

"तो माझ्याच कोंबड्यांचा कशावरून?"

"मला शिकवतेस? कोंबडीचा वास मी मैलावरून ओळखतो!"

"मग सगळेच चला. आज तिथे कोंबडीचा वास आला, तर कुलूप मी स्वतः लावते."

सारी सभा तिच्यामागे निघाली. सरपंचांनी तर वाटेतच नाकाला रुमाल लावला.

कलावतीनं शेडचं दार उघडलं. आत एकही कोंबडी नव्हती. जमीन धुतलेली, भिंतींना ताजा चुना, खाद्याची भांडी उपडी घातलेली. एक बॅच विकली की शेड असं धुऊन काही दिवस रिकामं ठेवतात, हे बंद काचांच्या गाडीतून जाणाऱ्या आप्पासाहेबांना कुठून ठाऊक असणार?

"कोंबड्या जाऊन आठवडा झाला, आप्पासाहेब," कलावती म्हणाली. "वास तेवढा तुम्ही ठेवून घेतलात."

सरपंचांनी रुमाल हळूच खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी नव्या पिल्लांचे खोके आले, तेव्हा उतरवून घ्यायला निम्मं गाव हजर होतं. आणि शेजारच्या बंगल्याच्या एरवी वासाच्या नावानं बंद असणाऱ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.