भिवराईच्या साळुंक्या

आपल्या पणजीच्या पणजीनं ऐकलेली ही गोष्ट. तेव्हा नदीकाठच्या त्या कोष्ट्यांच्या गावात घरोघरी माग चालत आणि दिवसभर धोट्यांचा खटखटाट असे. मागापाशी लहान पोर म्हणजे जिवाला घोर. त्यानं सुतात हात घातला की सगळी मेहनत मातीमोल. मग बाया भिवराईकडे धावत.

भिवराई गावाला औषधं देई. "भिवरामावशी, गोळी दे गं, पोरगं मागाला हातच लावू देत नाही," असं कुणी म्हटलं की ती अफूची बारीक गोळी काढून देई. गोळी चाटवली की पोर कोपऱ्यात पडून राही. गाव कौतुक करी, काय गुणाचं लेकरू! सगळ्यात गुणाची भिवराईचीच ठकू. पाच वर्षांची झाली, पण कधी हट्ट नाही की रडणं नाही. भिवराईला कोण अभिमान!

एकदा परगावची एक बाई औषधाला आली. तिची मुलगी ठकूहून लहानच, पण अंगणभर लंगडी घालत सुटली. मग तिनं खड्यांचा भात शिजवला आणि पानावर वाढून ठकूपुढे ठेवला. ठकू नुसती बघत राहिली.

"मावशी, ही खेळत का नाही? हिला बोलता येत नाही?" त्या मुलीनं विचारलं.

भिवराईच्या पायाखालची जमीन सरकली. गावातलं एकही पोर असं 'का' म्हणून विचारत नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं गोळ्यांचं मडकं नदीत रिकामं केलं. त्या दिवशी नदीतले मासेसुद्धा झोपले, असं म्हणतात.

मग ती पोरांना उंबराखाली जमवू लागली. चिखल कालवायला दिला, फांदीवर चढवलं, हे काय नि ते का विचारत राहिली. तान्ही होती ती हळूहळू बोलती झाली. पोरं सुताचा गुंता करू लागली तशा आयांनी भिवराईला शिव्या घातल्या. ठकू मात्र गप्पच. तिचं बोलायला शिकायचं वय निघून गेलं होतं.

"ठकू, हे काय? पान. म्हण ना गं, पान." वर्षांमागून वर्षं भिवराई हेच म्हणत राहिली. उंबरावरच्या साळुंक्या ऐकून ऐकून बोलू लागल्या, असं म्हणतात. पाखरं शिकली, पोटची पोर नाही. ठकू तरणी झाली आणि एका तापात, जशी जगली तशीच, हूं की चूं न करता गेली.

"एकदा आई म्हणाली असतीस तर..." एवढंच भिवराई पुढं बोलत असे. उंबराच्या मुळाशीच तिनं जीव सोडला.

अजून त्या गावात पोरानं 'का' विचारलं की धोटा थांबतो. उत्तर दिल्याशिवाय माग चालवायचा नाही, ही भिवराईची आण. नवा माग मांडला की पहिलं सूत पोरांना गुंतवायला देतात. आणि सांजेला साळुंक्या उंबरावर ओरडतात, "ठकू, हे काय?" खालची पोरं उड्या मारत म्हणतात, "पान! पान!" आया मात्र तोंडाला पदर लावतात. ज्या पोरीला विचारलंय, ती अजून काही बोललेली नाही.