साडूचा चहा

“मग आता आणखी काय सोडायचं राहिलंय तुझं?” गिरीबाबांनी विचारलं.

मामंजींनी माझ्याकडं हात केला. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ओट्यावर ठेवला.

“हा. एवढा एक सोडला की झालं.”

मी खांबाला टेकून बसले. मठ टेकडीवर आहे आणि पायथ्यापर्यंत एसटी येते. आम्ही गावापासून चालत आलो होतो. तिकिटाचे पैसे वाचले होते. लग्नानंतर सासऱ्यांबरोबर निघालेली ही माझी पहिलीच सहल.

चातुर्मासात काही ना काही सोडायची पद्धत सगळीकडेच आहे. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. या मठाची रीत एवढीच वेगळी, की सोडलेली वस्तू थोडीशी आणून बाबांच्या ओट्यावर ठेवायची आणि मागं न बघता उठायचं. बाबा ती येईल त्याला वाटून टाकतात. त्यामुळं मठात चहा-साखर कधी कमी पडत नाही.

मामंजींनी नेम धरला तो मात्र देवासाठी नव्हे, कर्जासाठी.

त्यांनी आणि त्यांच्या साडूंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, ऐन पन्नाशीत मांडव आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा काढला. तो बुडाला. सामान विकलं गेलं, कर्ज राहिलं. ते दोघांनी निम्मंनिम्मं वाटून घेतलं. माझ्या लग्नात पाहुणे त्याच खुर्च्यांवर बसले होते. भाडं नव्या मालकाला दिलं.

तेव्हापासून मामंजी एकेक सोडत गेले. चहा. पेपर. जेवणानंतरचं पान. एसटी. फ्रीज बंद केला, त्यात आम्ही आता कांदे ठेवतो.

“डबा कुणाचा?” बाबांनी विचारलं.

“तसा कुणाचाच नाही. आमच्या आणि बायकोच्या बहिणीच्या घरात फिरत असतो. तिकडून लाडू येतात. रिकामा डबा परत कसा द्यायचा? म्हणून इकडून चिवडा जातो. चिवडा गेला की तिकडून करंज्या. वर्षानुवर्षं हेच. आता मला भरून द्यायला परवडत नाही, आणि रिकामा द्यायला लाज वाटते. म्हणून डबाच सोडतो.”

“आणि बहिणीबहिणींचं येणंजाणं?”

“डबा थांबला की तेही थांबेल. तेवढीच बचत.”

“बायको काय म्हणाली?”

“काही नाही.”

खरंच होतं. सकाळी सासूबाईंनी डबा घासला, पदरानं पुसला, कडी पुन्हा पुन्हा लावून बघितली आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या काहीच नाहीत.

बाबांनी कडी काढली. आत बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं.

“हा रिकामा नाही.”

तळाला चमचाभर साखर होती.

मामंजी ओशाळले. “तिला सवयच आहे तशी. रिकामं भांडं घराबाहेर जाऊ देत नाही.”

“मग डबा तिचा. सवयही तिची. इथं आपलं सोडायचं असतं, दुसऱ्याचं नाही.” बाबांनी कडी लावली आणि डबा माझ्याकडं सरकवला. “पोरी, उतरताना मावशीकडं पोचता कर.”

“चमचाभर साखर घालून?” मामंजी एकदम ताठ झाले. “नको, नको! तो हसेल.”

“कोण तो?”

“दिगंबर! माझा साडू.”

“बरं.”

“बरं काय, बाबा? त्याच्यावर माझ्याएवढंच कर्ज आहे. एक रुपया कमी नाही. आणि बघा जाऊन! रोज संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा. साधा नाही, स्पेशल. बरोबर खारी. ती बशीत बुडवतो, मऊ होईस्तोवर थांबतो, मग खातो. आणि हसत असतो. चार जणांत बसून, मोठ्यानं!”

बाबांनी चुलीवर पातेलं चढवलं.

“शनिवारी बायकोला गजरा. तोही जाईचा. अबोली नाही चालत त्यांना.”

गजरा मीही पाहिला होता. जाईचाच होता. माझ्या नवऱ्याला अजून गजऱ्याचं दुकान सापडलेलं नाही.

“हप्ता भरतो का तो?” बाबांनी विचारलं.

“भरतो.”

“वेळेवर?”

“वेळेवर काय, माझ्या आधी!” मामंजींचा आवाज एवढा चढला, की ओट्याखालचं मांजर उठून बाहेर गेलं. “तेच तर म्हणतो ना मी! मी असा वाळून वाळून भरतो, आणि हा हसत हसत भरतो. हा काय न्याय झाला?”

“पैसे आणतो कुठून?”

“रविवारी कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो म्हणे. रात्री उशिरा येतो म्हणे. ते काही मी पाहिलेलं नाही.”

“चहा पाहिलाय.”

“रोज पाहतो.”

पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं. बाबांनी ओट्यावरच्या पुड्यांतली एक उचलली आणि त्यातली पूड पाण्यात सोडली. पुडी आमच्याच किराणावाल्याची होती. ओळखीचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझ्या माहेरी दिवसातून चार वेळा चहा होतो. हे मी सासरी कुणाला सांगितलेलं नाही.

“टपरी तुझ्या वाटेवरच असेल,” बाबा म्हणाले.

“हो. म्हणजे… कामावरून घरी येताना लागते.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. “लागते का गं?”

नव्या सुनेला कुणी काही विचारत नाही. पहिल्यांदा विचारलं, ते हे.

मामंजी छताकडं बघत होते.

“नाही,” मी म्हणाले. “वळसा पडतो.”

…

मी डब्याची कडी काढली, लावली. परतीच्या वाटेवर मामंजी मला काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग मामंजी हलक्या आवाजात म्हणाले, “पाय वळतात, बाबा. मी ठरवून जात नाही. पलीकडच्या फुटपाथवर उभा राहतो. त्याचा चहा संपला की निघतो.”

“पावसात?”

“पावसातसुद्धा.”

बाबांनी चहा गाळला. दोन कप भरले. एक स्वतःपुढं घेतला. दुसरा मामंजींपुढं ठेवला.

मामंजी दचकले. “मी सोडलाय, बाबा.”

“ठाऊक आहे. पूड तूच आणलेली.”

“मग हा कशाला?”

“हा तुझा नाही. त्याचा आहे.”

“दिगंबरचा? तो कुठंय इथं?”

“तू आलास तेव्हापासून इथंच बसलाय.”

…

बाबा आपला चहा सावकाश प्यायला लागले. मामंजींपुढच्या कपातून वाफ निघत होती. मग ती कमी झाली. वर पातळ साय धरली.

मामंजींची नजर कपावरून हलत नव्हती. त्यांनी हात लावला नाही. नेमाला ते पक्के आहेत. थोड्या वेळानं त्यांनी मान जराशी पुढं करून वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“यात आलं नाही,” ते म्हणाले. “तो आल्याशिवाय पीत नाही.”

बाबांचा कप ओठांशीच थांबला.

मी पदर तोंडाला लावला. हसू येईल म्हणून लावला, पण हसू आलं नाही. ते बोलले होते ते काळजीनं बोलावं तसं, आपल्याच घरच्या माणसाबद्दल. सासूबाईंना चहात काय लागतं, हे त्यांना असं सांगता आलं असतं का, कोण जाणे.

मामंजींना स्वतःचं बोलणं जरा उशिरा ऐकू गेलं असावं. त्यांनी कपाकडं पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या डब्याकडं. मग स्वतःच्या रिकाम्या तळहातांकडं.

“बाबा…”

“हं.”

“डबा तर तुम्ही परत दिलात. चहा, पान, पेपर, सगळं याआधीच सुटलं. आता माझं असं काय राहिलं… जे मी सोडू?”

बाबांनी आपला कप उपडा घातला. मामंजींपुढचा, सायीचा, गार कप बोटानं त्यांच्याकडं आणखी थोडा सरकवला.

“तुझा चहा सुटला,” ते म्हणाले. “आता त्याचा सोड.”