चौथ्या खुर्चीचा पाय

"हो तरी म्हणा, नाहीतर नाही तरी म्हणा. माझ्या मेखेनं दादा मेला की नाही?"

इस्माईल मेस्त्री कारखान्याच्या पायरीवर बसले होते, मांडीवर खुर्चीचा पाय घेऊन. नुसता पाय. बाकीची खुर्ची समुद्रात होती.

कारखाना आम्ही म्हणतो. खरं तर ती माडाच्या झापांनी शाकारलेली पडवी आहे, भरतीच्या रेषेपासून वीस पावलांवर. आमच्या बेटावर खुर्च्या, पाट आणि पाळणे तिथेच होतात. मोतीदादाला काम शिकवलं इस्माईल मेस्त्रींनी. मला शिकवलं दादानं. मी शिकलो कमी आणि पळालो जास्त.

बेटावर कोणी खुर्चीला खिळा मारत नाही. खारी हवा लोखंड खाऊन टाकते. आम्ही सांध्यात खैराची मेख ठोकतो, आणि ती मेख आधी चुलीवरच्या फळीवर आठ दिवस वाळवतो. कोरडी मेख आत गेली की हवेतली ओल पिते, फुगते आणि सांधा धरून ठेवते. ओली ठोकली तर ती आतल्या आत सुकते, आटते, आणि एक दिवस निसटते.

हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं.

त्या चार खुर्च्या पलीकडच्या धक्क्यावरच्या शेवंताबाईच्या खानावळीसाठी होत्या. चौथीच्या एका पायाला वाळलेली मेख पुरली नाही. त्या दिवशी पलीकडे क्रिकेटचे सामने होते आणि होडी सुटायला आली होती. मी कुंपणाजवळच्या खैराची ओली फांदी तोडली, तासली आणि ठोकून दिली. दादानं विचारलं, वाळलेली आहे ना? मी हो म्हणालो आणि पळालो.

महिन्यानं दादा खुर्च्या पोचवायला निघाला. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. होडीवाला दत्ताराम तांडेल पोहून आला. त्यानं सांगितलं, शेवटचं पाहिलं तेव्हा मोतीरामनं एक खुर्ची धरली होती.

कोणती, ते त्याला सांगता आलं नाही.

दादा तिसऱ्या दिवशी सापडला. तीन खुर्च्या त्याच्याआधी किनाऱ्याला लागल्या होत्या. त्यांचा एकही सांधा हलला नव्हता. चौथीचा फक्त हा पाय आला. तो इस्माईल मेस्त्रींनाच वाळूत मिळाला. त्यांनी मुकाट्यानं आणून कारखान्यात ठेवला होता.

तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री आपणहून आले. तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही.

"हो म्हणू?" मेस्त्रींनी अखेर विचारलं.

"म्हणा."

"मला माहीत नाही."

"मग नाही म्हणा."

"तेही माहीत नाही."

…

त्यांनी पाय उचलला, एक डोळा मिटला आणि मेखेच्या भोकातून समुद्राकडे पाहिलं. भोकाच्या कडा साफ होत्या. मेख तुटली नव्हती, निसटली होती.

"ओली होती," ते म्हणाले. "इतकंच माहीत आहे."

मला वाटलं, आता मारतील. मारावं असंच वाटत होतं. जवळ घेतलं असतं तर मी त्यांना ढकललं असतं. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. खिशात विडी शोधली. सापडली नाही.

मी आत जाऊन दादाच्या हत्यारांची पिशवी ओढत बाहेर आणली. म्हणालो, हा कारखाना आज संपला. भाऊ घेतलास, आता हीही घे, असं त्या समुद्राला सांगतो.

मेस्त्रींनी अडवलं नाही. उलट उठले आणि पिशवीचा दुसरा बंद धरला. जड आहे, एकट्याला जायची नाही, म्हणाले.

आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो. पहिली हाताला लागली ती दादाची मोगरी, पटाशीवर ठोकायची. अंगातला सगळा जोर लावून भिरकावली. ती बुडाली. वर आली. भरती होती. चार-पाच लाटांत ती परत येऊन माझ्या नडगीवर आपटली.

"लाकूड आहे ते," मेस्त्री म्हणाले. "पटाशी टाक. लोखंड बुडतं."

त्यांनीच ती पिशवीतून काढली आणि मूठ पुढे करून माझ्या हातात दिली. मुठीवर दादाच्या अंगठ्यानं पडलेला खळगा होता. माझा अंगठा त्यात ठेवला तर भोवती जागा उरली.

हात वर गेला नाही.

"टाक की."

"टाकीन. माझी मर्जी."

"तुझीच."

…

मेस्त्री ऐंशीच्या घरातले. लुंगी मांडीपर्यंत भिजलेली, एक हात पिशवीला, एक गुडघ्यावर. लाट आली की हलायचे आणि पुन्हा होते तिथे यायचे. चल म्हणाले नाहीत. शेवटी मीच मोगरी पाण्यातून उचलली आणि मागे फिरलो. म्हाताऱ्याला थंडी वाजेल म्हणून, असं मी मनाला सांगितलं.

पायरीवर बसल्यावर त्यांनी शेवंताबाईचा निरोप सांगितला. तिची गिऱ्हाईकं अजून तेलाच्या डब्यांवर बसून जेवतात. परवा एक डबा चेपला आणि शाळेचे मास्तर आमटीसकट खाली आले. किनाऱ्याला लागलेल्या तीन खुर्च्या मिळाल्या तरी चालतील, म्हणते. चौथीचं तिनं काही विचारलं नाही.

मला हसू आलं. हसू आलं याचा राग आला.

"नेऊ दे तीन," मी म्हणालो. "चौथी होणार नाही."

मेस्त्रींनी तो पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"पाय चांगला आहे. मोतीनं तासलाय. याला खुर्ची हवी."

"मी करणार नाही."

"ऐकलं."

"ज्या हातानं खोटी मेख ठोकली, त्या हातानं पुन्हा ठोकणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर दादा स्वतः परत येऊन सांगू दे. नाही म्हणजे नाही."

मेस्त्री उठले. लुंगीचा काठ पिळला. पाणी पायरीवरून ओघळून वाळूत गेलं. चार पावलं चालून ते थांबले, पण वळले नाहीत.

"लवू… येताना तुझ्या वहिनीच्या चुलीवरच्या फळीवर खैराच्या मेखा ठेवून आलोय. वाळायला आठ दिवस लागतील. तोवर नाही म्हणत राहा."