घुमाईच्या मंडपातली पाठमोरी बैठक

घटवडीच्या घुमाईच्या जत्रेत गवई गायला बसतो, तेव्हा सगळा गाव त्याच्याकडे पाठ करून बसलेला असतो. नवखा गवई बिचकतो. शहरातले पाहुणे हा अपमान समजून कुजबुजू लागतात. मग देवळाचे गुरव बाबाजीतात्या त्यांना भिंतीपलीकडचा काळवंडलेला उंचवटा दाखवतात. तिथे एके काळी कुंभाराची भट्टी होती. "गाण्याआधी ठकूचं ऐका," तात्या म्हणतात, आणि सांगायला लागतात.

ठकू ही त्या भट्टीवरची सून. तेव्हा मंडपात बसायचा मान गावातल्या सात घरांचा. बाकीच्यांनी देवीला नमस्कार करावा आणि घरी जावं. पण भिंतीला कुठे मान कळतो? गाणं पलीकडे यायचंच. भाजलेलं मडकं टिचकी मारून पारखणं हे ठकूचं रोजचं काम. गवई सूर लावी, की तो कुठल्या मडक्याचा, हे ती टिचक्या मारून शोधी. गवई बदलला, की त्याचा 'सा' नव्या मडक्यात शोधायचा आणि बाकीची मडकी त्याच्यापुढे नव्याने मांडायची. गाण्याआधी रागाचं नाव सांगायची रीत होती. ते नाव ऐकायचं, मडकी मांडायची, ध्यानात ठेवायचं. अशी सहा वर्षं गेली म्हणे.

पहिल्याच वर्षी तिची फजिती झाली होती. "सकाळचा देसकार आणि संध्याकाळचा भूप एकच आहेत, मडकी तीच पाच," असं तिने पाणवठ्यावर ठणकावून सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. घरी आल्यावर सासू बायजा म्हणाली, "अगं, पाच भांडी आपल्या घरात आहेत, तशी शेजारच्या काशीच्याही घरात आहेत. म्हणून तू तिच्या घरात शिरतेस का? कुठलं भांडं चुलीपाशी असतं ते बघ."

ठकूने ते बघितलं. भूपात गळा फिरून फिरून तिसऱ्या मडक्यापाशी येतो, देसकारात पाचव्यापाशी. त्यानंतर तिचा घोळ झाला नाही.

सातव्या वर्षी विश्वंभरबुवा आले. मोठा गवई, गळ्यात शाल, जिभेला धार. धुराने घसा बसतो, भट्टी ओढ्यापलीकडे हलवा, असं त्यांनी सात घरांना सांगितलं. सात घरांनी माना डोलावल्या. कुंभारांना विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ओढ्यापलीकडे सूर पोचत नाही, हे फक्त ठकूला माहीत होतं. ती मंडपाच्या पायरीशी आली.

"जत्रेत भट्टी पेटवणार नाही, बुवा. पण जागा हलवू नका. मला तिथून गाणं कळतं."

"ऐकू येतं म्हण," बुवा म्हणाले. "कळतं म्हणू नकोस."

"कळतं."

बुवांनी पैज लावली. पाच राग ओळखले तर भट्टी राहील, एक चुकला तर हलेल. आणि माझ्या हाताकडे बघून ताडशील, म्हणून पाठ करून बस. ठकू मंडपात पहिल्यांदा बसली ती अशी, पाठमोरी.

चार राग तिने आलापातच ओळखले. सात घरांतले लोक चुळबुळू लागले. दिवे लागले होते, भूपाची वेळ. बुवांनी पाचवा राग धरला, सूर तेच पाच. ठकूची बोटं नसलेल्या मडक्यांवर टिचक्या मारत होती.

"देसकार," ती म्हणाली. "सकाळचा राग बुवांनी दिवेलागणीला काढलाय."

"भूप होता तो," बुवा म्हणाले. "हलव भट्टी."

निवाडा करणार कोण? राग त्यांचा, नाव त्यांचं, मंडप त्यांच्या यजमानांचा. रागाच्या वेळेचं शास्त्र गावाला ऐकवणाऱ्या माणसाने वेळही मोडली आणि वर शब्दही फिरवला. पण ठकू उठली नाही, वळलीही नाही.

"बरं. तो भूप होता, तर आता देसकार म्हणून दाखवा, बुवा."

बुवांनी तोंड उघडलं. खोटं तोंडाने बोलून झालं होतं, गळ्याला ते जमेना. चाळीस वर्षांचा कसलेला गळा सरळ देसकारात गेला आणि मघाच्याच जागी, पाचव्या मडक्यापाशी, जाऊन बसला. मंडपातल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. आधी तंबोऱ्यावरचा शिष्य फिस्सकन हसला, मग म्हातारे पाटील, मग भिंतीपलीकडे कान लावून उभी असलेली बायजा.

बुवा थांबले आणि, असं सांगतात, शेवटी स्वतःही हसले. "भट्टी राहू दे," ते म्हणाले. "आणि बाई, आता तोंड इकडे कर. नीट समोर बसून ऐक."

"नको. अशीच बरी," ठकू म्हणाली. "तुमची शाल दिसत नाही, गाणंच ऐकू येतं."

पाटील हे ऐकून जागच्या जागी वळून पाठमोरे बसले. पुढच्या वर्षी सातही घरं तशीच बसली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मंडपात सात घरांनाच जागा असं काही उरलं नाही.

तेव्हापासून गवयाने रागाचं नाव सांगायचं नाही, हा जत्रेचा नियम आजही मोडलेला नाही. कोणीतरी मागून बरोबर नाव घेतं, तेव्हाच सगळी बैठक गवयाकडे वळते. नाव चुकलं तर गाव मनमुराद हसतो आणि चुकणाऱ्याला पुढच्या ओळीत जागा देतो, जवळून ऐकायला. नाव घेणारा गाणं कोणाकडे शिकला, हे मात्र घटवडीत कोणी कोणाला विचारत नाही.